'द बॅटल ऑफ अल्जियर्स'ची मराठी उपशीर्षके : कामाच्या नोंदी

६ जुलै २०२४

कऱ्हाडच्या आमच्या चित्रपट मंडळाने ६ ऑक्टोबरला 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' दाखवायचे ठरवले आहे आणि त्याची मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. मंडळाच्या सभासदांपैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत. इंग्रजी उपशीर्षके त्यांना वाचता येतात, पण वाचता वाचता चित्र निसटते. हा चित्रपट तर डोळ्यांनीच पाहायचा आहे. अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने १९५४ ते १९५७ या काळात अल्जियर्स शहरात फ्रेंच सत्तेविरुद्ध भूमिगत लढा दिला. त्याच गल्ल्यांमध्ये, स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९६५ मध्ये जिलो पोंतेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाने चित्रीकरण केले आणि बहुतेक सर्व भूमिका तिथल्याच सामान्य माणसांकडून करून घेतल्या. १९६६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. कृष्णधवल, लांबी १२१ मिनिटे, भाषा अरबी आणि फ्रेंच.

हेच काम दुसऱ्या कोणी करायला घेतले तर आमच्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवत आहे. पहिली सूचना आताच लिहून ठेवते : प्रदर्शनाची आणि उपशीर्षके चढवण्याची अशा दोन वेगळ्या परवानग्या लेखी घ्याव्यात. आमचा पत्रव्यवहार पाच आठवडे चालला. हक्कधारकांनी प्रतीसोबत इंग्रजी उपशीर्षकांची फाइल दिली, हा मोठा आधार.

१४ जुलै

इंग्रजी फाइल समोर ठेवून पहिल्या सव्वाशे ओळींचे भाषांतर आठवडाभरात झाले. मी चोवीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे, त्यामुळे छोट्या वाक्यांत आशय बसवणे अवघड जाणार नाही असे वाटते. रोज संध्याकाळी दोन तास, सरासरी अठरा ओळी.

२१ जुलै

चार संध्याकाळी फुकट गेल्या. ओळी पडद्यावर बोलण्याच्या आधीच उमटत होत्या, म्हणून मी एकेक ओळ हाताने पुढे सरकवत गेले. जवळजवळ १८० ओळी अशा सरकवल्यावर लक्षात आले की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी जास्त सरकवावी लागते आहे. म्हणजे चूक ठरावीक अंतराची नसून प्रमाणाची आहे. इंग्रजी फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीवर बेतलेली होती आणि आमची प्रत २४ चौकटींची आहे. दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक पडतो आणि १२१ मिनिटांच्या शेवटी तो पाच मिनिटांच्या जवळ पोहोचतो.

इलाज एका मिनिटाचा होता : सर्व वेळांना २५ ने गुणून २४ ने भागायचे. उपशीर्षके संपादित करण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. परंतु मी हाताने सरकवलेल्या ओळी या गुणाकाराने पुन्हा चुकल्या आणि मूळ फाइलची प्रत मी बाजूला ठेवलेली नव्हती. हक्कधारकांकडून फाइल पुन्हा मागवावी लागली, त्यात आणखी तीन दिवस गेले. आता रोजच्या कामाची प्रत तारीख घालून वेगळी ठेवते.

२८ जुलै

आजची नोंद लिहिताना मन खिन्न आहे, कारण आतापर्यंतच्या २४० ओळी बाद कराव्या लागल्या.

फ्रेंच शिकवणारी एक मैत्रीण पुण्याहून आली होती. आम्ही सुरुवातीचा प्रसंग लावला. छळ सोसून खचलेल्या एका कैद्याकडून आघाडीचा लढवय्या अली ला प्वाँत याच्या लपण्याच्या जागेचा पत्ता काढून घेतलेला आहे आणि छत्रीधारी सैनिक त्याला आपल्यासारखाच गणवेश चढवत आहेत. मी त्या सैनिकांच्या तोंडी 'घाबरू नका, आता सगळे संपले' अशा धर्तीचे वाक्य घातले होते. मैत्रिणीने तिथेच थांबवले आणि सांगितले की ते त्याच्याशी एकेरीत बोलत आहेत, लहान मुलाची समजूत घालावी तसे. वयाने वडील असलेल्या माणसाला 'तू' म्हणण्यातच त्यांची सत्ता दिसते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम असल्यामुळे मला ते कळण्याचा मार्गच नव्हता. फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहे आणि वसाहतीतला फ्रेंच शिपाई अरब माणसाला सर्रास 'तू' म्हणत असे. ही गोष्ट मराठीत जशीच्या तशी उतरू शकते आणि मी मात्र इंग्रजीच्या चाळणीतून ती गाळून टाकली होती.

यापुढची पद्धत अशी : प्रत्येक प्रसंग आधी मूळ आवाजात ऐकायचा, कोण कोणाला कसे संबोधतो याचा तक्ता करायचा आणि मगच मराठी लिहायचे. फ्रेंच भाग मैत्रीण तपासेल, अरबी भाग अरबी शिकवणारे एक सर पाहून देतील. शक्यतो मूळ भाषेचा जाणकार पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावा, शेवटी तपासण्यापुरता बोलावू नये.

४ ऑगस्ट

तक्ता पूर्ण झाला. अली आणि आघाडीचे निरोप पोहोचवणारा छोटा ओमर एकमेकांना 'तू' म्हणतील. जाफर हा संघटनेचा प्रमुख. अली त्याच्याशी सुरुवातीला 'तुम्ही' आणि पुढे 'तू' असे बोलेल. हा बदल नक्की कोणत्या वाक्यापासून करायचा यावर तासभर चर्चा झाली. पहिल्या कामगिरीत अलीला दिलेले पिस्तूल रिकामे असते, कारण तो पोलिसांचा खबऱ्या आहे की नाही याची ती परीक्षा होती. त्यानंतर तो चिडून जाफरला जाब विचारतो, तेव्हाच संतापाच्या भरात 'तू' येऊ द्यायचा आणि तो पुढे तसाच राहू द्यायचा, असे ठरले. जाफरची भूमिका करणारा यासेफ सादी हा प्रत्यक्षात त्या लढ्यातील संघटनेचा प्रमुख होता, चित्रपटाचा सहनिर्माताही तोच होता आणि कथेचा पाया त्याच्या तुरुंगातल्या आठवणींचा आहे, हे कळल्यापासून त्याच्या वाक्यांना हात लावताना मी अधिक जपून वागते.

आज दोन शब्दांनी दिवस खाल्ला. लढ्याचे केंद्र असलेल्या जुन्या वस्तीला अरबीत जे नाव आहे तेच आपल्याकडे 'कसबा' होऊन आले. पहिल्या खर्ड्यात मी 'कसबा' असेच लिहिले होते. वाचून दाखवल्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर पुण्याची कसबा पेठ उभी राहिली आणि एकीला ते बाजारपेठेचे गाव वाटले. शब्द सख्खा आहे, पण अर्थ आपल्या वाटेने गेला आहे. शेवटी 'कास्बा' असे विशेषनाम ठेवले.

दुसरा शब्द देशाच्या नावाचा. फाशीच्या, म्हणजे इथे गिलोटिनच्या, वाटेवर नेला जाणारा कैदी देशाच्या नावाचा जयघोष करतो. अरबीत ते नाव 'अल-जझाईर', म्हणजे बेटे. मुरूडच्या 'जंजिऱ्या'तही तोच शब्द आहे. कैद्याच्या तोंडी 'अल्जीरिया चिरायू होवो' लिहिले तेव्हा ते सरकारी कार्यक्रमातल्या भाषणासारखे झाले. 'अल्जीरिया झिंदाबाद' ठेवले. मरणाच्या दारात माणूस जे ओरडतो ते आपल्या कानांनी मोर्च्यात ऐकलेले असले पाहिजे.

११ ऑगस्ट

या कामातील सर्वांत जड आठवडा. प्रश्न असा की लढणाऱ्यांना काय म्हणायचे.

इंग्रजी फाइलमध्ये फ्रेंच अधिकारी, वार्ताहर आणि ध्वनिक्षेपकावरील घोषणा या सर्वांच्या तोंडी वेगवेगळे शब्द आहेत आणि मी पहिल्या फेरीत, वाक्य आटोपशीर बसावे म्हणून, जिथे जो शब्द लहान तो वापरला होता. त्यामुळे एका ठिकाणी फ्रेंच पोलीस अधिकारीच त्यांना 'क्रांतिकारक' म्हणू लागला आणि दुसऱ्या ठिकाणी आघाडीचाच माणूस आपल्या सोबत्याला 'बंडखोर' म्हणत होता. हे नुसते चुकीचे भाषांतर नव्हते. चित्रपटाने काळजीपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या दोन बाजू मी एकमेकांत कालवल्या होत्या. कोण कोणता शब्द वापरतो यावरून तो कुठे उभा आहे हे प्रेक्षकाला कळते आणि म्हणून इथे सोयीचा शब्द चालत नाही.

'गनिमी कावा' हा शब्द हाताशी होता आणि मोहही झाला. तो मी वापरला नाही. तो शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या मनात सह्याद्री, घाट आणि शिवकाल एका क्षणात उभा राहतो. इथे मात्र जिने, गच्च्या, टोपल्या आणि कॅफे आहेत. दुसरा पर्याय आमच्याच भागातून आला. आमच्या सातारा-सांगलीकडे १९४२ नंतर प्रतिसरकारच्या काळात जी माणसे घर सोडून रानात, वस्त्यांवर राहिली त्यांना आजही घरोघर 'भूमिगत' म्हणतात. माझी आजी हा शब्द नातेवाइकाबद्दल बोलावे तशा सहजपणे वापरत असे. म्हणून 'भूमिगत' ठेवला, पण फक्त आघाडीच्या बाजूच्या तोंडी. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला ब्रिटिश अंमलदार जे म्हणत ते वेगळे आणि गावकरी जे म्हणत ते वेगळे, ही गोष्ट आमच्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागणार नाही.

शेवटी ठरले ते असे. फ्रेंच पोलीस, लष्कर आणि वसाहतवाले 'दहशतवादी' किंवा 'गुन्हेगार' म्हणतील. आघाडीची माणसे एकमेकांना 'भाऊ' आणि 'बहीण' म्हणतील, कारण मूळ अरबीतही संबोधन तेच आहे. 'कॉम्रेड' हा कोणीतरी सुचवलेला शब्द त्यामुळे गळला. वार्ताहर 'आघाडी' म्हणतील. निवेदनात यांपैकी कोणतेही विशेषण येणार नाही, फक्त नाव येईल. हा नियम कागदावर लिहून संगणकाच्या वर चिकटवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ६३ ठिकाणी शब्द बदलले.

१८ ऑगस्ट

पोलिसाच्या खुनानंतर रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका निरपराध अरब मजुरावर खिडक्यांमधून लोक ओरडू लागतात, त्या प्रसंगातल्या शिव्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. मदतीला आलेल्या एका तरुणाने आपल्याकडची, एका समाजाला लागणारी शिवी सुचवली. परिणाम जबर झाला असता हे खरे. मी ती घेतली नाही. पडद्यावरचा द्वेष त्या देशाचा आहे आणि सभागृहात बसलेल्या कोणालाही तो आपल्या अंगावर झेलायला लागू नये. 'अरबड्या' असा तुच्छतेचा प्रत्यय लावलेला शब्द वापरला. त्यात द्वेष दिसतो आणि रोखही मूळचाच राहतो.

२५ ऑगस्ट

वाचनाचा वेग. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीला लाल रंग दाखवत होते, म्हणजे ओळ वाचायला वेळ पुरणार नाही असा इशारा. मी दोन दिवस ओळी कापत बसले आणि वाक्ये तारेच्या मजकुरासारखी होऊ लागली. मग कारण सापडले. सॉफ्टवेअर मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही स्वतंत्र अक्षर मोजते. 'स्त्रियांनी' हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो आणि ते त्याची अकरा चिन्हे मोजते. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा देवनागरीला लावण्यात अर्थ नाही.

म्हणून मंडळातल्या सहा ज्येष्ठांना घरी बोलावले, चहा दिला आणि घड्याळ लावून पन्नास ओळी वाचायला दिल्या. सर्वांना चित्राकडे लक्ष देऊन निवांत वाचता येईल असा वेग सेकंदाला साधारण सात अक्षरे निघाला. जोडाक्षरांनी भरलेल्या ओळीला सहा. एका ओळीत जास्तीत जास्त बावीस अक्षरे, एका वेळी दोनच ओळी. हा आमच्यापुरता हिशेब आहे. दुसरीकडे आधी स्वतः मोजून पाहावे.

या मापात सर्वांत अडले ते कर्नल मात्यूचे फळ्यासमोरचे भाषण. छत्रीधारी तुकड्यांचा हा प्रमुख आपल्या अधिकाऱ्यांना भूमिगत संघटनेची रचना समजावून सांगतो : प्रत्येक माणूस फक्त तिघांना ओळखतो, एक ज्याने त्याला निवडले तो आणि दोन ज्यांना त्याने निवडले ते. फळ्यावर त्रिकोण वाढत जातो आणि तो भराभर बोलत राहतो. ही भूमिका करणारा जाँ मार्तँ हा प्रमुख भूमिकांमधला एकमेव व्यावसायिक नट आणि त्याच्या बोलण्याला नटाची सफाई आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात इथे मजकूर दीडपट झाला होता. फळ्यावरची आकृती जे सांगते ते ओळीत पुन्हा सांगायचे नाही, हा उपाय लागू पडला. 'ज्याने निवडले तो' आणि 'निवडलेले दोघे' एवढेच ठेवले आणि बाकीचे खडूवर सोडले. या एका चार मिनिटांच्या प्रसंगाला सहा संध्याकाळी लागल्या आणि त्या लागल्याबद्दल मला खंत नाही.

१ सप्टेंबर

आज फक्त काढून टाकण्याचे काम केले.

तीन स्त्रिया आरशासमोर केस कापतात, कपडे बदलतात आणि युरोपीय पोशाखात शहरात बाँब घेऊन जातात, त्या तयारीच्या प्रसंगात बोलणे जवळजवळ नाही, ढोलाचे ठोके आहेत. इंग्रजी फाइलमध्ये तिथे कंसात संगीताचे वर्णन होते आणि मी इमानेइतबारे त्याचेही मराठी केले होते. ते काढले. छळाच्या दृश्यांवरही संगीताखेरीज काही नाही. तिथल्या ओळीही काढल्या.

स्त्रिया गच्च्यांवरून जीभ हलवून जो लांबच लांब चिरका आवाज काढतात, त्याला मराठीत शब्द नाही. 'किलकारी', 'हाकाटी', 'उलूध्वनी' असे तिन्ही लिहून पाहिले. बंगालीतला शब्द आमच्या लोकांना परका आणि 'हाकाटी' म्हणजे शिकारीचा कालवा. आवाज ऐकू येतोच आहे, त्याला नाव देण्याची गरज नाही, असे सरांनी सांगितले आणि ते पटले. ओळ कोरी ठेवली.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. घरी पाहुणे असल्याने काम बंद. फक्त एके रात्री संपातला एक प्रसंग पुन्हा पाहिला. २८ जानेवारी १९५७ पासून आठ दिवसांचा संप सुरू आहे, लष्कर दारे फोडून लोकांना कामावर हाकलत आहे आणि तेवढ्यात छोटा ओमर सैनिकांचा ध्वनिक्षेपक पळवून आपल्या लोकांना धीर देतो. मी 'निराश होऊ नका' असे लिहिले होते. दहा वर्षांचा मुलगा असे बोलणार नाही. 'भिऊ नका' केले.

२० सप्टेंबर

ओळींचे काम संपले, एकूण ८१४. आता तांत्रिक भाग.

सभागृहातल्या लॅपटॉपवर वेगळी फाइल जोडून दाखवली, तर जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागले. 'शक्ती'चे 'शक्‌ती' झाले. म्हणून उपशीर्षके चित्रातच कायमची चढवायची ठरवली, जशी परवानगी होतीच. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने ते काम केले. जुन्या संगणकावर संपूर्ण चित्रपटाला साडेतीन तास लागतात. पहिल्या वेळी तीन तासांनी वीज गेली. दुसऱ्या वेळी पूर्ण झाले आणि तेव्हा दिसले की प्रत्येक 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा उमटला आहे. अर्थ कळतो, पण ८१४ ओळींमध्ये परका 'ल' पाहत बसणे मला मुद्रितशोधक म्हणून सहन होण्यासारखे नव्हते. फॉन्टात मराठी वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे फाइलने सांगितल्याशिवाय ती वापरली जात नाहीत. उपशीर्षकांच्या एएसएस प्रकारच्या फाइलच्या शिरोभागात भाषेची एक ओळ घातली, मराठीची दोन अक्षरी खूण दिली आणि काम झाले. यापुढे आधी दोन मिनिटांचा तुकडा चढवून पाहते, मग संपूर्ण चित्रपट.

निवेदनासाठी तिरपी अक्षरे ठेवली होती. देवनागरी तिरपी केली की शिरोरेषा घसरल्यासारखी दिसते. सरळ अक्षरे आणि अवतरणचिन्हे ठेवली.

२८ सप्टेंबर

सभागृहात चाचणी. घरच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी पांढरी अक्षरे तिथे नाहीशी झाली, कारण अल्जियर्सच्या भिंतीच पांढऱ्या आहेत आणि छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांनी चित्राला वृत्तपटासारखा खरखरीत पोत दिला आहे. (हा पोत इतका अस्सल आहे की अनेकांना ते खरे वृत्तपट वाटतात; संपूर्ण चित्रपटात वृत्तपटाचा एक फूटही वापरलेला नाही.) अक्षरांना जाड काळी कड दिली तर 'क्ष' आणि 'ष' यांची पोटे भरून गेली. पिवळा रंग कृष्णधवल चित्रावर उठून दिसला, पण नजर सतत तिकडेच जाऊ लागली. शेवटी अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी दिली, कड बारीक केली आणि मजकूर तळापासून थोडा वर घेतला, कारण सभागृहात पुढच्या रांगेतली डोकी खालच्या ओळीवर येतात. चित्रातच असलेल्या तारखा आणि वेळांचे मराठी पडद्याच्या वरच्या बाजूला नेले. आणखी साडेतीन तास.

२ ऑक्टोबर

प्रेक्षकांसाठी एक पानाचे माहितीपत्रक लिहिले आणि त्यात एक चूक छपाईच्या आदल्या संध्याकाळी सापडली. चित्रपटात तिन्ही स्त्रियांचे बाँब फुटतात : मिल्क बार, कॅफेटेरिया आणि एअर फ्रान्सचे कार्यालय. मी पत्रकात तेच इतिहास म्हणून लिहिले होते. प्रत्यक्षात ३० सप्टेंबर १९५६ रोजी तिसरा बाँब फुटलाच नाही. 'चित्रपटात' हा शब्द घालून वाक्य बदलले. त्याआधी, १० ऑगस्टला, कास्ब्यातील र्यू द तेब या गल्लीत वसाहतवाल्यांनी झोपलेल्या वस्तीत स्फोट घडवला होता, हेही पत्रकात जोडले. चित्रपट ज्या क्रमाने या घटना दाखवतो तो क्रम प्रेक्षकांच्या लक्षात राहावा असे मला मनापासून वाटते.

६ ऑक्टोबर

प्रदर्शन झाले. ११२ प्रेक्षक, चार जण उभे. मी चित्राकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहत मागे बसले होते.

मिल्क बारच्या प्रसंगात बाँब ठेवायला आलेली मुलगी आजूबाजूच्या माणसांचे चेहरे एकेक करून पाहते, आइस्क्रीम खाणारे लहान मूलही त्यात असते, आणि तिथे एकही उपशीर्षक नाही. त्या दीड मिनिटात सभागृहात खोकलाही ऐकू आला नाही. मात्यूच्या फळ्याच्या प्रसंगात मात्र दुसऱ्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला दोनदा काहीतरी विचारताना दिसले. नंतर भेटून विचारले, तर 'ज्याने निवडले तो' ही ओळ जरा लवकर गेली असे त्यांनी सांगितले. त्या ओळीला पाऊण सेकंद वाढवले आहे. एका शिक्षिकेने 'गिलोटिन'ला 'शिरच्छेदयंत्र' का म्हटले नाही असे विचारले. शब्द वाचून होईपर्यंत प्रसंग संपतो, एवढेच कारण होते.

शेवटच्या प्रसंगात, डिसेंबर १९६० च्या निदर्शनांमध्ये, धुरातून ध्वनिक्षेपकावर अधिकारी विचारतो की तुम्हाला हवे आहे तरी काय. इथे 'तुम्हाला' अनेकवचनी आहे, आदरार्थी नाही, आणि मराठीत दोन्ही एकच दिसते. जुलैमध्ये या ओळीची मला काळजी होती. त्या वेळी सभागृहात काही फरक जाणवला नाही.

१३ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब, परवानगीचे शुल्क आणि सभागृहाचे भाडे सोडून, कारण ते मंडळाने भरले : फ्रेंच आणि अरबी तपासणीचे मानधन ८,००० रुपये, पुण्याच्या तीन फेऱ्या १,९५० रुपये, बाहेरची हार्ड डिस्क ४,६०० रुपये, खर्ड्यांच्या छापील प्रती ७४० रुपये, माहितीपत्रक ९०० रुपये. वेळ साधारण १९० तास, त्यातले ५५ तास पहिल्या २४० ओळी, हाताने सरकवलेल्या वेळा आणि फुकट गेलेल्या दोन चढवण्या यांत गेले.

३ नोव्हेंबर

दिवाळीतच एक दुरुस्ती करायला बसले आहे.

चित्रपटातला लार्बी बेन म्हिदी हा आघाडीचा नेता पकडला जातो आणि नंतर पत्रकार परिषदेत सांगितले जाते की त्याने कोठडीत गळफास घेतला. एक वार्ताहर विचारतो की हातपाय बांधलेल्या माणसाला सदऱ्याच्या पट्ट्या फाडून दोर कसा करता आला, आणि मात्यू म्हणतो की ते विधान माझे नाही, प्रवक्त्याचे आहे, त्यालाच विचारा. माझ्या पहिल्या खर्ड्यात प्रवक्त्याच्या वाक्यात 'म्हणे' आले होते : 'त्याने गळफास घेतला म्हणे.' मराठीत हा एक शब्द सगळी शंका सांगून टाकतो, आणि म्हणूनच तो काढला होता; प्रवक्ता शंका घेत नाही, तो ठामपणे सांगतो आणि शंका वार्ताहराची आहे. पडद्यावरची ओळ तशीच राहील.

बदलायचे आहे ते माहितीपत्रक. त्यात मी बेन म्हिदीच्या नावापुढे '१९५७ मध्ये फ्रेंच कोठडीत मृत्यू' एवढेच लिहिले होते, कारण त्या वेळी ते सावध वाटले. त्या वेळी अल्जियर्समध्ये फ्रेंच लष्कराचे गुप्तचर अधिकारी असलेले जनरल ओसारेस यांनी हत्येची कबुली २००१ मध्ये स्वतःच दिली होती, तेव्हा ते वाक्य तेव्हाही अपुरे होते. परवा, १ नोव्हेंबरला, लढ्याच्या सुरुवातीला ७० वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले की ओसारेस यांच्या हाताखालच्या फ्रेंच सैनिकांनी बेन म्हिदीला ठार मारले. पत्रकाच्या पुढच्या प्रतीसाठी वाक्य असे केले आहे : '१९५७ मध्ये फ्रेंच सैनिकांनी कोठडीत ठार मारले, फ्रान्सची अधिकृत कबुली २०२४.' सांगलीच्या मंडळाने डिसेंबरसाठी आमची प्रत मागितली आहे, तिच्यासोबत हेच पत्रक जाईल.